सावकाश होग्री!

माझा भाचा उज्जैनला असतो. नोकरीसाठी गेला आणि तिथलाच झाला. मागच्या थंडीत आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो, तर दारात नवीकोरी येझदी उभी! हार घातलेला, हँडलला लिंबू-मिरची, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. मीटरवर आकडा २३.

"मामा, उद्या पहाटे आम्ही दोघं ओंकारेश्वरला निघतोय," भाचा म्हणाला. म्हणजे जाऊन-येऊन पावणेतीनशे किलोमीटर, वाटेत घाट, आणि मागे बायको. मी म्हटलं, "अरे, रनिंग-इनचं काय?" तो हसला. "शोरूमचा मुलगा म्हणाला, आता तसलं काही लागत नाही."

मी सौ.कडे बघितलं, सौ.ने माझ्याकडे. दोघांनाही तवंदीचा घाट आठवला.

गोष्ट १९८३ सालची. तेव्हा आम्ही निपाणीत होतो. वडिलांनी तंबाखूच्या पैशातून मला येझदी घेऊन दिली. तेव्हाची येझदी म्हैसूरची. तिथल्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा बनायची, १९७३ पासून ती येझदी नावानं येऊ लागली. किक मारायची तीच दांडी गिअरची, आणि पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं. गावातल्या कानडी मेस्त्रींनी गाडी बघून दोनच गोष्टी सांगितल्या. ऑईल थोडं जास्त घाला. आणि "सावकाश होग्री!"

सासुरवाडी गोकाकची. नवी गाडी, नवी बायको. सावकाश कोण जातो? घाट चढताना वरचा गिअर तसाच ठेवून मी मूठ पूर्ण पिळली. अर्ध्या चढावर इंजिनातून कर्रर्र आवाज आला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. मागून ट्रक येत होता. हात कसा कोण जाणे क्लचवर गेला, चाक सुटलं, गाडी घरंगळत कडेला आली. ट्रक भोंगा वाजवत अंगाला घासून गेला. सौ. खाली उतरली आणि म्हणाली, "ना नडकोत होगतेनि!" आणि खरंच चालू लागली.

पिस्टन जाम झाला होता. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं. नव्या इंजिनात दोघांमधली फट अगदी कमी, ती भरली की पिस्टन धरून बसतो. वडील काही बोलले नाहीत. मेस्त्रींचं बिल मुकाट्यानं दिलं. ते जास्त लागलं.

आता भाच्याच्या गाडीचं. शोरूमचा मुलगा अगदीच खोटं बोलला नव्हता. आजची येझदी फोर-स्ट्रोक, ३३४ सीसीची, कूलंटनं थंड राहणारी. यंत्रावर सुटे भाग फार अचूक कापले जातात. आमच्यासारखं जाम होण्याची भीती फारशी उरलेली नाही. पण रिंगा मात्र अजूनही बसाव्या लागतात. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरक्या रेघा पाडलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासून एकमेकांच्या मापाच्या होतात. हे काम पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये होतं. ते नीट झालं नाही, तर गाडी पुढे ऑईल खाते आणि दम कमी पडतो.

आणि वाचकहो, सावकाश म्हणजे रांगत नव्हे! इथे पुष्कळ जण चुकतात. इंजिनावर थोडा भार आला, की आतला दाब रिंगांना भिंतीवर रेटतो. अगदीच गोंजारत चालवली, तर भिंत गुळगुळीत होते आणि रिंगा बसतच नाहीत. म्हणून वेग सतत कमी-जास्त करावा. एकाच वेगात तासन् तास नको. मूठ पूर्ण पिळायची नाही. वरच्या गिअरमध्ये गाडी धापा टाकत ओढायची नाही. सुरू केल्यावर मिनिटभर थांबून हळू निघायचं. टायरही नवे असतात, त्यांचा वरचा तुळतुळीतपणा जाईपर्यंत वळणावर फार झुकायचं नाही. ब्रेकही जरा मुरू द्यावे लागतात. बाकी वेगाची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती कपाटात न ठेवता वाचावी.

भाच्यानं पुस्तिका काढली. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला. ओंकारेश्वर पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीची पूजा करायला चिंतामण गणेशाला गेलो, तो पुढे आणि आम्ही रिक्षात. मग रोज सकाळी तो एकटाच देवास रोडला जायचा. कधी पन्नास, कधी तीस, मध्ये चहाला थांबा, इंजिन थोडं निवलं की परत.

त्यानंच मला एक गंमत सांगितली. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ मध्ये येझदी पुन्हा आली ती पीथमपूरला बनून, म्हणजे इंदूरच्या पलीकडे, त्याच्या घरापासून फार लांब नाही. कर्नाटकातली गाडी माळव्यात नांदायला आली म्हणायची! सौ. म्हणाली, "मग कानडीत सांगितलेलं तिला कळत असेल."

परवा भाच्याचा फोन आला. पहिली सर्व्हिसिंग झाली होती. "मामा, ऑईल काढताना मी तिथेच उभा होतो. उन्हात धरलं तर आत बारीक कण चमकत होते." मी म्हटलं, "तेच ते. रिंगा बसताना झिजलेलं लोखंड. म्हणून पहिलं ऑईल वेळेवर बदलायचं. एकदाही चुकवायचं नाही."

"आता ओंकारेश्वरला जाऊ ना?"

मी उत्तर देण्याआधीच सौ.ने फोन हातातून घेतला. चाळीस वर्षांपूर्वी ती घाटात चालत निघाली होती, तिचाच हक्क होता. म्हणाली, "जा बाळा, दोघंही जा. पण सावकाश होग्री!"

सावकाश हा शब्द मराठी की कानडी, हा वाद आपल्याकडे कोणी घालत नाही. तो पाळला की झालं.