कानाला लाच, पायांना चाकरी

‘कानात बोंडं घालून फिरणाऱ्याला मी वाचकही मानत नाही आणि व्यायाम करणाराही मानत नाही!’ तळजाईच्या पायथ्याशी बाकावर बसलेल्या एका निवृत्त मास्तरांनी परवा मला हा निकाल ऐकवला. व्यायाम करावा तो निग्रहाने, पुस्तक वाचावे ते डोळ्यांनी, असा उपदेशही वर केला. मास्तरांविषयी पूर्ण आदर राखून मी म्हणतो की, हे दोन्ही निकाल सपशेल चूक आहेत.

निग्रहाचेच म्हणाल, तर तो माझ्यापाशी मुबलक आहे. फक्त तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. रक्तातली साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी रोज अर्धा तास भरभर चालायला बजावले. मी बूट आणले, भिंतीवर वेळापत्रक डकवले आणि चौथ्या पहाटे पांघरूण डोक्यावर ओढले. अखेर मुलीने मोबाइलमध्ये एक रहस्यकथा घालून दिली. अट एकच : ऐकायची ती टेकडीवर, घरात अवाक्षर नाही. पहिल्याच चढावर खून पडला. खुनी कोण हे कळायला मला एकोणीस दिवस चालावे लागले!

यात लाजण्यासारखे काय आहे? आपल्या आज्या-पणज्यांनी पहाटे जाती ओढली ती काय कोरड्या निग्रहाने? ओठांवर ओवी होती म्हणून हातातला खुंटा फिरला. पंढरीची वाट अभंगाने सरते. हवानातल्या सिगार वळणाऱ्या कामगारांना तर १८६५ पासून कादंबऱ्या वाचून दाखवल्या जात, आणि वाचणाऱ्याचा पगार कामगारच वर्गणी काढून देत. अक्षरओळख नसताना जन्मभर पोथी ऐकणाऱ्या आजीला ‘तू ग्रंथ जाणत नाहीस’ असे सांगायची मास्तरांची छाती आहे काय?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरीन मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजूनच पाहिले; निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना चटकदार कादंबऱ्या फक्त व्यायामशाळेतच ऐकायला मिळत, ते सुरुवातीला इतरांपेक्षा ५१ टक्के अधिक वेळा तिथे गेले. मास्तरांच्या बाजूचेही प्रामाणिकपणे सांगतो : हा उत्साह पुढे ओसरला, विशेषतः ‘थँक्सगिव्हिंग’ सणाच्या सुट्टीनंतर. तरीही अखेरीस ६१ टक्के लोकांनी पदरचे पैसे मोजून हे बंधन स्वतःवर घालून घेण्याची तयारी दाखवली. आपला निग्रह कितपत पक्का आहे, हे त्यांना ठाऊक होते. मास्तरांना ते ठाऊक नाही, एवढाच फरक!

म्हणजे वैरी गोष्ट नव्हे. वैरी आहे सणाची सुट्टी. आणि वाचकहो, या घटकेला तुमच्या एका हातात हा अंक आहे, दुसऱ्यात चकली आहे! खुशाल खा; मीही खाणार आहे. पण पाडव्याच्या पहाटे एक नवी गोष्ट कानाशी बांधा आणि ती उंबऱ्याच्या आत ऐकायची नाही, अशी शपथ घ्या. रस्ता ओलांडताना तेवढी ती थांबवा.

माझे हे भाषण संपल्यावर मास्तर जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, ‘ते असू द्या हो. पण खुनी कोण निघाला?’

मी म्हटले, ‘चला वर, सांगतो.’