पट्टा आणि पिशवी

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे लोक जाळ्याची किती निगा राखतात, हे तेथील मुलांना सांगावयास नको. समुद्रातून आलेले जाळे ते वाळवितात, त्याचा धागा न् धागा तपासतात आणि जेथे तुटले असेल तेथे विणून घेतात. फाटके जाळे पाण्यात गेले, तर फार तर मासळी निसटते. तरी एवढी काळजी घेतली जाते. मोटारीतील सीटबेल्ट, म्हणजे बसणाऱ्यास आसनाशी धरून ठेवणारा पट्टा, हाही विणलेल्या धाग्यांचाच असतो. त्यावर तर माणसाचा जीव अवलंबून असतो. परंतु त्याच्याकडे क्वचितच कोणी लक्ष देते. मागच्या आसनावरील पट्टे पुष्कळदा गादीच्या फटीत दडपलेले असतात. ही उपेक्षा योग्य नव्हे.

चालत्या मोटारीबरोबर आतील माणसेही त्याच वेगाने पुढे जात असतात. मोटार आदळून एकाएकी थांबली, तरी माणसांची गती त्याच क्षणी थांबत नाही. ती पुढे फेकली जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार भिंतीवर आदळली, तर पट्टा न लावलेला माणूस सुमारे १४ मीटर उंचीवरून पडावा, तितक्या वेगाने समोर आदळतो. उंच माडाच्या शेंड्यावरून पडण्यासारखेच हे आहे. माडावर चढलेला मनुष्य हात सोडून देण्याचा विचार स्वप्नातही करणार नाही. मग मोटारीतच माणसाने इतके निर्धास्त का असावे?

स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन याने १९५९ साली तीन ठिकाणी पकड असलेला पट्टा तयार केला. कंपनीने इतर कारखान्यांनाही त्याचा उपयोग करू दिला. हा पट्टा खांद्यावरून छातीवर तिरपा येतो व कमरेवर आडवा बसतो. त्यामुळे धक्क्याचा जोर शरीराच्या बळकट हाडांवर विभागला जातो.

आता पुष्कळ मोटारींत एअरबॅग, म्हणजे हवेची पिशवीही असते. ‘पिशवी आहे, मग पट्टा कशाला?’ असे काही लोक विचारतात. हा विचार घातक आहे. मोटार जोराने आदळताच तिच्यातील यंत्रणेस तो धक्का कळतो, वायू निर्माण होतो आणि नायलॉनच्या कापडाची पिशवी पापणी लवण्यापूर्वीच फुगते. माणूस तीवर टेकताच वायू छिद्रांतून बाहेर पडू लागतो. म्हणूनच ती उशीसारखी मऊ लागते. परंतु माणूस योग्य जागी व योग्य अंतरावर असेल, तरच हे घडते. त्यास तेथे धरून ठेवण्याचे काम पट्टाच करतो. पट्टा नसेल, तर फुगत्या पिशवीवर आधीच जाऊन आदळलेल्या माणसास तिचाच तडाखा बसतो. पिशवी ही पट्ट्याची सोबतीण आहे. ती त्याची जागा घेऊ शकत नाही.

मागे बसणाऱ्यास धोका नसतो, हाही एक गैरसमज आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांच्याबरोबर मागे बसलेले गृहस्थ मृत्यू पावले. त्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, परंतु वाचले. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावावा, असा भारतातील नियम आहे. पण नियम नसता, तरी शहाणपण तेच सांगते.

गणेश चतुर्थीस मुंबईहून कोकणात येणाऱ्या मोटारींत माणसे दाटीवाटीने बसतात आणि लहान मुलास पुढे कोणी मांडीवर घेते. त्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार एक दशांश सेकंदात थांबली, तर २० किलो वजनाचे मूल धरून ठेवण्यास ३०० किलोंहून अधिक वजन पेलण्याइतके बळ लागते. कोणत्या मातेच्या हातांत ते असेल? शिवाय पुढील पिशवी फुगली, तर तिचा पहिला आघात त्या मुलावरच होतो. म्हणून मुलांची जागा मागे, आणि तीही पट्ट्यासह. अगदी लहानांसाठी वेगळे आसन हवे. माणसे अधिक असतील, तर दुसरी गाडी करावी. गणपतीबाप्पा तासभर उशिराने आलेल्या भक्तावर रुसत नाहीत.

समुद्राकाठी पट्ट्याची निगा अधिक राखावी लागते. वाळू खटक्यात शिरली, की तो नीट बसत नाही. खारट ओलाव्याने धातूस गंज चढतो. उन्हाने धागे जीर्ण होतात. म्हणून तारकर्लीच्या पुळणीवरून येऊन ओल्या कपड्यांनी तसेच गाडीत बसू नये. मळलेला पट्टा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने पुसून सावलीत वाळू द्यावा; रंग उडविणारी तीव्र द्रव्ये लावू नयेत. धागे सुटले असतील, चीर पडली असेल किंवा पट्टा मोठ्या अपघातात ताणला गेला असेल, तर तो बदलावा. पिशवी जेथून बाहेर येते, तेथे मूर्ती वा खेळणी चिकटवू नयेत. पिशवीचा इशारादिवा विझत नसेल, तर जाणकार कारागिराकडून तपासणी करून घ्यावी.

पिशवी बसविणे कारखान्याचे काम आहे. पट्टा लावणे मात्र ज्याचे त्याच्या हाती असते. तो कमरेवर घट्ट असावा, पोटावर चढू नये, आणि खांद्यावरचा भाग काखेखालून घेऊ नये. गाडी सुरू होण्यापूर्वी घरातील मुलाने ‘सर्वांनी पट्टे लावले का?’ असे नम्रपणे विचारले, तर त्यात आगाऊपणा नाही. वडीलधाऱ्यांनीही त्या प्रश्नाचा मान राखावा. होडी सोडण्यापूर्वी दोर तपासणे हे भित्रेपणाचे लक्षण कोणी मानीत नाही; ते जाणत्या माणसाचे लक्षण होय.