गोमाता, जटायू आणि एक वेदनाशामक औषध

ज्यांचे बालपण १९८० च्या आसपास खेड्यात गेले, त्यांना गावाबाहेरचा तो माळ आठवत असेल. गोठ्यातले जनावर मेले की ते तेथे नेऊन टाकले जाई आणि थोड्याच वेळात आभाळात घिरट्या सुरू होत. गिधाडांचा थवा उतरला की तासाभरात हाडांचा सांगाडा तेवढा उरे. हे दृश्य कोणी मुद्दाम पाहायला जात नसे. ‘गिधाड’ हा शब्द आपण लोभी माणसाला दूषण देण्यासाठीच राखून ठेवला होता. त्याच जातकुळीच्या जटायूला रामकथेत वंदन करायचे आणि माळावरच्या त्याच्या वंशजाकडे तोंड फिरवायचे, ही विसंगती आपल्याला कधी टोचली नाही.

आज तो माळ रिकामा आहे. १९८० च्या दशकात देशात चार कोटींच्या घरात गिधाडे असावीत, असा अंदाज आहे. त्यांतील सर्वाधिक आढळणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी १९९२ ते २००७ या अवघ्या पंधरा वर्षांत हजारातून एखादेच उरले. कोणी त्यांची शिकार केली नव्हती, जंगलतोड हेही त्याचे कारण नव्हते. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ही गिधाडे माना खाली टाकून बसलेली आणि झाडाखाली मरून पडलेली दिसली, तेव्हा प्रथम शंका आली ती एखाद्या साथीच्या रोगाची. उलगडा २००४ मध्ये झाला. पाकिस्तानातील पंजाबात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स या अमेरिकी संशोधकाच्या पथकाने मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडांत ‘डायक्लोफिनॅक’ हे औषध शोधून काढले. आपल्याकडे गुडघा दुखला की घेतली जाते, तीच ही गोळी. पेटंटची मुदत संपल्यावर १९९० च्या दशकात ती स्वस्त झाली आणि गुरांनाही सर्रास टोचली जाऊ लागली. औषध टोचल्यावर दोन-चार दिवसांत जनावर दगावले आणि गिधाडाने ते खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड निकामी होई आणि अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचून ते मरे. शंभर मृत जनावरांपैकी एकाहूनही कमी जनावरात हे औषध असले, तरी एवढ्या मोठ्या संहारास ते पुरेसे होते, असे गणिताने दाखवून दिले आहे.

या कथेत खलनायक नाही, हे येथे नीट लक्षात घ्यायला हवे. म्हाताऱ्या गाईचे सांधे दुखतात, तिला उठवत नाही, म्हणून शेतकरी डॉक्टरला बोलावतो आणि डॉक्टर इंजेक्शन देतो. यात करुणा आहे, गोमातेविषयीचा कृतज्ञभाव आहे. जेथे म्हातारे जनावर कसायाकडे न जाता दावणीला मरते, अशा समाजातच गिधाडे कोटींच्या संख्येने नांदू शकली होती. मेलेल्या जनावराची विल्हेवाट आपण त्यांच्यावर सोपवली होती आणि ती त्यांनी शतकानुशतके बिनबोभाट केली. आपल्या चांगुलपणानेच हा करार मोडावा, याहून विषण्ण करणारी गोष्ट कोणती? भाव शुद्ध होता. गाईपलीकडे त्या साखळीत कोण आहे, हे मात्र कोणी विचारले नाही.

साखळी गिधाडापाशी तुटली, पण तिचा हिसका माणसापर्यंत आला. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की अनेक रोगजंतू तेथेच नष्ट होतात. गिधाडे गेली आणि माळावरची जनावरे कुजू लागली, पाणवठे दूषित होऊ लागले, मांसावर भटक्या कुत्र्यांचे कळप पोसले गेले. पाठोपाठ पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोका वाढला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी गिधाडे विपुल असलेले जिल्हे आणि ती मुळातच कमी असलेले जिल्हे यांतील मृत्युदरांची तुलना करून, २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मृत्यू पावली असावीत, असे अनुमान त्यांनी मांडले. आकड्यावर तज्ज्ञ वाद घालतील, तो जरूर व्हावा. पण हा आकडा निम्मा मानला, तरी कोणत्याही शासकीय दप्तरात ‘गिधाडाअभावी मृत्यू’ असा रकाना नाही, हे उरतेच. मुंबईत आपल्या पारशी बांधवांना मलबार हिलवरील दोखम्यांत सौर परावर्तक बसवावे लागले. एका औषधाच्या कुपीने एका समाजाच्या अंत्यविधीपर्यंत हात पोहोचवला.

मानवजातीच्या भवितव्याविषयी जी ‘समग्र पर्यावरणदृष्टी’ सांगितली जाते, तिचा अर्थ या कुपीत सापडतो. आधुनिक व्यवस्थेने प्रत्येक प्रश्नाचे खाते वेगळे केले. गाईचे दुखणे पशुसंवर्धनाकडे, औषधाचा परवाना औषध नियंत्रकाकडे, गिधाड वनखात्याकडे आणि कुत्रा चावलेला मुलगा आरोग्यखात्याकडे. प्रत्येक खाते आपापल्या जागी चोख असेलही, पण संहार झाला तो खात्यांमधल्या मोकळ्या जागेत. हा दोष केवळ आपला नाही. शीतकपाटांसाठी शोधलेला क्लोरोफ्लुरोकार्बन वायू स्वयंपाकघरात अगदी निरुपद्रवी होता, ओझोनच्या थराला मात्र तो पोखरत होता. १९७४ मध्ये शास्त्रज्ञांनी इशारा दिला आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी करार केला, म्हणून ते संकट आवरले. हवामान, गोडे पाणी, जैवविविधता अशा नऊ मर्यादांच्या आत पृथ्वी मानवास सुरक्षित राहते, असे मानणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये त्यांपैकी सहा ओलांडल्या गेल्याचे सांगितले. या मर्यादा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एक सावरताना दुसरी मोडू नये, याचे भान ठेवणारी यंत्रणा अजून जगात कोठेच पुरती उभी राहिलेली नाही.

येथे आपल्या परंपरेचा दाखला देण्याचा मोह होतो. व्यष्टी, समष्टी, सृष्टी आणि परमेष्ठी ही मांडणी आपण बौद्धिकांतून शेकडो वेळा ऐकली आहे आणि पाश्चात्त्यांच्या यांत्रिक, तुकड्यातुकड्यांच्या दृष्टीवर टीकाही केली आहे. ती टीका रास्तच आहे. परंतु सृष्टीची एकात्मता मानणाऱ्या देशात चार कोटी पक्षी मरत असताना आपल्याला ते उमगले नाही आणि मृत्यूचे कारण शेजारच्या देशात परक्याने केलेल्या शवविच्छेदनातून कळले, हेही तितकेच खरे. तत्त्वज्ञान मुखोद्गत असले तरी मेलेल्या गिधाडाचे मूत्रपिंड तपासण्याची जागा त्याला घेता येत नाही. त्या शोधाला सीमा आड आली नाही, कारण गिधाडालाही सीमा ठाऊक नाही.

भारताने त्यानंतर हालचाल केली, याची नोंद घ्यायलाच हवी. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये त्या तीन मिलिलिटरपुरत्या मर्यादित केल्या गेल्या. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. यांतील दुसरे तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनते! गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र उभे राहिले आणि २०२४ मध्ये तेथील पक्षी आपल्या पेंच आणि ताडोबा येथे आणले गेले. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे लागतात. पंधरा वर्षांत जे गमावले, ते भरून येण्यास पिढ्या लागतील.

बंदी प्रत्येक वेळी मागाहून आली, ही यातली खरी उणीव. जनावरांसाठीच्या वेदनाशामकाला परवाना देण्यापूर्वीच मृतभक्षक पक्ष्यांवर त्याचा परिणाम तपासण्याची सक्ती का असू नये? खर्चाचे कारण पुढे केले जाईल, पण चुकीचा खर्च किती झाला हे आता आपण पाहिले आहे. शासनाकडे ही मागणी लावून धरणे हे काम आहेच.

दुसरे काम अधिक जवळचे आहे. आपल्या परिचयाच्या कितीतरी कुटुंबांचा गोशाळांशी संबंध आहे. कोणी विश्वस्त आहे, कोणी दर महिन्याला चाऱ्याचे पैसे देते. येत्या रविवारी गोशाळेत जाल तेव्हा औषधांचे कपाट उघडायला सांगा. कोणते वेदनाशामक आहे ते वाचा. मेलेले जनावर कोठे जाते, पुरले जाते की उघड्यावर टाकले जाते, आणि मृत्यूपूर्वीच्या आठवड्यात त्याला काय टोचले होते, याची वही ठेवली जाते का, हे विचारा. नसेल, तर एक कोरी वही सोबत घेऊन जा.