अफवा रोखायची, तोंड बंद करायचे नाही

कोरोनाच्या पहिल्या लाटेत तबलीगी जमातच्या नावाने मोबाईलवर काय काय फिरले, हे आपण कुणी विसरलेलो नाही. भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीतून हाकलले गेले. ऑगस्ट २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यताही बोलून दाखवली. पण ज्यांनी ते व्हिडिओ पाहिले, त्यातल्या कितीजणांनी हा निकाल वाचला असेल?

म्हणूनच ‘खोटे पसरवणाऱ्यांविरुद्ध कडक कायदा करा’ असे आपले तरुण म्हणतात. राग रास्त आहे, मागणी मात्र आपल्याच अंगावर येणारी आहे.

असे कलम एकदा होते : माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६-अ. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असे पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर विचारले. दुसरीने ते लाइक केले. दोघींना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २०१५ साली रद्द केले. पुढे एप्रिल २०२३मध्ये केंद्राने नियम बदलून, सरकारी कारभाराविषयी खोटे काय, हे ठरवणारा सरकारचाच तथ्य तपासणी कक्ष आणला. सप्टेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तोही घटनाबाह्य ठरवला. जरा आठवा, २०२०च्या एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या पत्रकार परिषदेत तबलीगींशी संबंधित रुग्णांचा आकडा वेगळा काढून सांगितला जात होता. खरे-खोटे ठरवायचा अधिकार तेव्हा सरकारी कक्षाकडे असता, तर आपल्या पोस्ट टिकल्या असत्या का?

मग मोकळे सोडायचे का? अजिबात नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डची मर्यादा पाच चॅटवर आणली. एप्रिल २०२०मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, अशी अट घातली. असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनी सांगते (आकडा तिचाच आहे, हे लक्षात ठेवून वाचा). इंजिनिअर म्हणून मला यातली गोष्ट आवडते ती ही की, मेसेज कुणी उघडून वाचत नाही, पुसत नाही. तो किती वेळा पुढे गेला एवढेच मोजले जाते. बोलणाऱ्याचे बोलणे राहते, आगीला वारा मिळत नाही.

हिंसेची उघड चिथावणी हा आधीच गुन्हा आहे, तिथे पोलिसांनी हात आखडता घेऊ नये. बाकी मजकूर हटवायचाच असेल, तर लिहिणाऱ्याला कारणांसह लेखी आदेश मिळाला पाहिजे. २००९च्या ब्लॉकिंग नियमांतला १६वा नियम असे आदेश गोपनीय ठेवतो. आपली मागणी कडक कायद्याऐवजी तो नियम काढून टाकण्याची असावी.