कंबरदुखीची इंजेक्शने आणि बॉब विलिस

माझ्या वयाच्या क्रिकेटवेड्या माणसाला बॉब विलिस कोण ते सांगावे लागत नाही. इंग्लंडचा साडेसहा फुटी गोलंदाज, डोक्यावर कुरळ्या केसांचे टोपले आणि लांबच लांब धाव. १९८२ साली मँचेस्टरच्या कसोटीत आपल्या मुंबईच्या संदीप पाटीलने त्याच्या एकाच षटकात सहा चौकार मारले. पुढच्याच वर्षी, २२ जून १९८३ ला, त्याच मैदानावर विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला, तेव्हा इंग्लंडचा कप्तान विलिसच होता आणि पाटील पुन्हा नाबाद ५१. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. रेडिओला कान लावून विलिसवर मनसोक्त हसलो होतो.

हा विलिस ४ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या ७० व्या वर्षी, प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेला. १९७५ साली दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्यावर त्याने रोज मैलोन्‌मैल पळण्याचा नेम धरला आणि ९० कसोटींत ३२५ बळी घेतले. अशा माणसालाही हा आजार गाठतो. अमेरिकेचा फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन एप्रिल २०२४ मध्ये ७६ व्या वर्षी याच आजाराने वारला. सायकलिंगमध्ये सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारा स्कॉटलंडचा ख्रिस हॉय खांदा दुखतो म्हणून तपासायला गेला आणि प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरल्याचे निघाले. वय पन्नासच्याही आत. त्याच्या वडिलांना आणि आजोबांनाही हा आजार होता.

ही नावे मी एवढ्यासाठी घेतली, की "मी अजून डोंगर चढतो, मला काय होणार?" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. व्यायामाने हृदय सुधारते, साखर ताब्यात राहते. प्रोस्टेट मात्र तुमचे दंड बघत नाही. ती बघते वय आणि घराणे. बाप किंवा भाऊ या आजाराने गेला असेल तर धोका दुपटीच्या घरात जातो.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तळाशी, लघवीच्या नळीभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. ती फक्त पुरुषांना असते. उतारवयात ती बहुतेकांची वाढते. रात्री चार वेळा उठावे लागते, धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हे आधी नीट ध्यानात घ्या. उलट कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, नळीपासून लांब. म्हणून सुरुवातीला लघवीची काहीच तक्रार नसते. पुढे तो कण्यात आणि कमरेच्या हाडांत जातो, आणि माणूस डॉक्टरकडे येतो तो कंबर धरून.

इथे मला माझीच चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरचे बाबा माझ्याकडे येत. वय सत्तरीला टेकलेले. तरुणपणी हुतूतू खेळत, अजूनही पायी घाट चढत. तक्रार कंबरदुखीची. आयुष्यभर ओझी वाहिलेला आणि वीटभट्टीवर राबलेला माणूस, त्याची कंबर दुखणारच, असे मी गृहीत धरले. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या. असे आठ महिने चालले. एका रात्री लघवी तुंबली म्हणून मुलाने त्यांना जीपमध्ये घालून आणले. नळी घातली, पिशवीभर लघवी निघाली आणि बाबांचा चेहरा मोकळा झाला. त्यानंतर मी पहिल्यांदा हातमोजा चढवून गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासली. दगडासारखी कडक. ही तपासणी दोन मिनिटांची असते आणि खर्च एका हातमोज्याचा. ती मी आठ महिन्यांपूर्वीच करायला हवी होती.

सून बाहेर गेल्यावर बाबा बोलले. दोन वर्षे रात्री सहा-सहा वेळा उठत होते. मी म्हणालो, "बाबा, मला आधी का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तुम्ही कुठं इचारलं?"

रक्त नाशिकला पाठवले. पीएसए ही तपासणी चारच्या आत असावी असा ढोबळ दंडक आहे. बाबांचा आकडा सहाशेवर गेला होता. लघवी तुंबल्याने आणि नळी घातल्यानेही हा आकडा चढतो, पण इतका नाही. पुढे मणक्यांतही डाग निघाले. या रोगाला पुरुषी हार्मोन पोसतो. तो तोडला की रोग आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले. आज इंजेक्शने आहेत, पण ती वरचेवर घ्यावी लागतात. अंडकोशाची लहानशी शस्त्रक्रिया एकदाच होते. तसे सांगायला मला संकोच वाटत होता, बाबांना वाटला नाही. शस्त्रक्रियेनंतर दुखणे आठवड्याभरात उतरले. ते पुढे दोन वर्षे जगले, त्यातली बहुतेक आपल्या पायांवर. आठ महिने आधी कळले असते तर बरे झाले असते का? कदाचित नाही. पण ते आठ महिने तरी त्यांनी दुखण्यात काढले नसते.

मग सरसकट सगळ्यांचे रक्त तपासावे का? शिबिरे भरवणारी मंडळी हे मला नेहमी विचारतात. माझे मत विरुद्ध आहे. ज्या रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनी १९७० मध्ये हे प्रथिन शोधले, त्यांनीच पुढे सरसकट तपासणीला जाहीर विरोध केला. साध्या वाढीने, जंतुसंसर्गानेही आकडा वर जातो. कित्येक कर्करोग इतके संथ असतात की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो. तपासणीने काही मृत्यू टळतात हेही खरे, पण त्यासाठी अनेकांच्या वाट्याला नाहक सुया, शस्त्रक्रिया आणि लघवीवरचा ताबा जाणे येते. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०१२ मध्ये ही तपासणी नकोच म्हटले. २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे, असा सुधारलेला सल्ला दिला. मोखाड्याच्या माणसाला शिबिरात आकड्याचा कागद हातात देऊन घरी पाठवायचे आणि पुढची बायोप्सी, एमआरआय कुठे करायची ते सांगायचे नाही, याला मी आरोग्यसेवा म्हणत नाही.

पण तक्रार घेऊन आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. पन्नाशी उलटलेला पुरुष न हटणारी कंबरदुखी, लघवीतून रक्त किंवा विनाकारण घटलेले वजन घेऊन आला, तर त्याला लघवीबद्दल विचारलेच पाहिजे, आडोशाला नेऊन तपासलेच पाहिजे. पाय अचानक लुळे पडू लागले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या, मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. आमच्या तालुक्याचे नाव पेपरात येते ते कुपोषणासाठी, आणि ते योग्यच आहे. पण म्हाताऱ्या बाप्यांची मोजदाद कोणी करत नाही. मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि जव्हारच्या कुटीर रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला दिवस मूत्रविकारतज्ज्ञ बसला, तर निम्मे काम होईल. कर्करोगावरचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात. अडते ते निदानापर्यंत पोचण्यात.

जाता जाता, एका वाचकाने विचारले आहे की रात्री उठावे लागते म्हणून वडिलांचे पाणी बंद करावे का. दिवसाचे पाणी तोडू नका. संध्याकाळनंतर चहा कमी करा, निजण्याआधी लघवीला पाठवा, आणि सर्दीच्या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नका, त्यांनी लघवी तुंबते. आणि त्यांना एकदा घेऊन या. सुनेला बरोबर आणले तरी चालेल, तिला आपण बाहेर बाकावर बसवू.