उलट वाटेचा न्यायमूर्ती

मोतीराम नावाचा मध्य प्रदेशातला एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि बाकीचा तपशील ठरवायचे काम खालच्या मॅजिस्ट्रेटकडे सोपवले. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. काळ 1978 च्या आसपासचा. रोजावर विटा रचणाऱ्याची ऐपत काय असणार? तरीही भाऊ पुढे आला. तर तो परजिल्ह्यातला, त्याची मालमत्ताही परजिल्ह्यातली, सबब चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने उघडलेले दार जिल्ह्याच्या कचेरीत पुन्हा बंद झाले. मोतीराम परत दिल्लीला गेला. तिथे न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले, आणि भारतीय माणूस भारतातच परका कसा ठरतो, हा प्रश्न निकालपत्रात अगदी तिखटपणे विचारला.

कृष्ण अय्यर 4 डिसेंबर 2014 रोजी कोचीत गेले, तेव्हा ते शंभरीच्या घरात होते. आजच्या स्मृतिदिनी त्यांचे गाजलेले निकाल पुन्हा मोजले जातील. आम्हांला मात्र त्यांच्या प्रवासाची दिशा अधिक महत्त्वाची वाटते. न्यायमूर्ती निवृत्त होऊन राज्यसभेत किंवा राजभवनात गेले की आपल्याकडे चर्चा झडते. हा माणूस उलट्या वाटेने आला. आधी आरोपीचा वकील, मग खुद्द कैदी, मग आमदार, मग मंत्री आणि शेवटी न्यायमूर्ती.

मलबारातल्या तलश्शेरीला ते वकिली करत. शेतकरी आणि कामगार हे त्यांचे पक्षकार, त्यांत कम्युनिस्ट बरेच. या लोकांना मदत केल्याच्या आरोपावरून 1948 मध्ये त्यांना महिनाभर तुरुंगात राहावे लागले. 1952 मध्ये ते अपक्ष म्हणून मद्रास विधानसभेत गेले. 1957 मध्ये केरळात ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे कम्युनिस्ट सरकार आले, त्यात ते पक्षाचे सभासद नसतानाही मंत्री झाले. गृह आणि कायदा ही खाती त्यांच्याकडे होती, तुरुंगही. ज्या कोठडीत नऊ वर्षांपूर्वी बसलो तिचा कारभार आता आपल्याच सहीने चालतो, हा अनुभव न्यायासनावर बसणाऱ्या फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. 1959 च्या जुलैअखेर केंद्राने ते सरकार बरखास्त केले. पुढच्या निवडणुकीत ते अगदी थोड्या मतांनी पडले. त्यांनी निवडणूक याचिका दाखल केली आणि न्यायालयातून आपली जागा मिळवली. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण निवडणुकीच्याच एका खटल्याने पुढे त्यांचे नाव घरोघरी पोचवले.

1968 मध्ये ते केरळ उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि 1973 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयात. तो काळ वाईट होता. एप्रिलमध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले होते आणि ‘बांधिलकी असलेले न्यायाधीश’ हा शब्दप्रयोग शिवीसारखा वापरात होता. (डावललेल्यांपैकी न्या. के. एस. हेगडे हेही एकेकाळचे राज्यसभा सदस्य. राजीनामा देऊन ते लोकसभेत गेले आणि पुढे सभापती झाले. म्हणजे या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी रहदारी होती.) अशा वेळी कम्युनिस्ट मंत्रिमंडळातला माजी मंत्री न्यायमूर्ती होतो म्हटल्यावर मुंबईच्या वकिलांनी जाहीर विरोध केला. विरोध करणाऱ्यांत सोली सोराबजी होते. आपला अंदाज चुकला, हे सोराबजींनी नंतर मोकळेपणाने कबूल केले, हा त्यांचाही मोठेपणा. पण त्या वेळची शंका गैर होती असे आम्ही म्हणणार नाही. राजकारणातून आलेल्या न्यायाधीशाकडे संशयाने पाहणे हे वकिलांचे कामच आहे. तो संशय फेडायचा असतो तो न्यायाधीशाने, आणि निकालांतून.

तशी वेळ दोन वर्षांनी आली. 12 जून 1975 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाला सुट्टी होती आणि सुट्टीतले न्यायमूर्ती होते कृष्ण अय्यर. कायदामंत्री ह. रा. गोखले हे स्वतः मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. त्यांनी फोन करून भेटीची वेळ मागितली. अर्ज द्यायचा असेल तर भेटीची गरज नाही, कागद रजिस्ट्रीत दाखल करा, असे त्यांना कळवले गेले. पंतप्रधानांसाठी नानी पालखीवाला उभे राहिले, निवडणुकीला आव्हान देणारे राज नारायण यांच्यासाठी शांती भूषण. 24 जूनचा हुकूम असा होता की पंतप्रधान पदावर राहू शकतील, सभागृहात येऊ शकतील, बोलू शकतील, पण खासदार म्हणून मत देऊ शकणार नाहीत आणि खासदाराचा पगारही घेऊ शकणार नाहीत. हुकूम दोघांनाही पुरला नाही. विरोधक म्हणाले, पद सोडायला लावले पाहिजे होते. सरकार म्हणाले, बिनशर्त स्थगिती हवी होती. दुसऱ्या रात्री आणीबाणी आली.

पूर्ण स्थगिती दिली असती तर आणीबाणी टळली असती, असे म्हणणारे आजही भेटतात. हा आरोप आम्हांला विचित्र वाटतो. घर जाळणाऱ्याला सोडून काडेपेटी विकणाऱ्याला धरायचे, अशातला तो प्रकार. त्या हुकुमातली खरी गोष्ट वेगळीच आहे. निकालपत्रांत राजकारण घुसवतो असा ज्याच्यावर कायमचा ठपका, त्या न्यायाधीशाने देशातल्या सर्वांत राजकीय दिवशी निःपक्षपणे जुन्या वहिवाटीवर बोट ठेवले. अपील प्रलंबित असलेल्या खासदारांना न्यायालय एरवी जी सशर्त स्थगिती देई, तीच पंतप्रधानांना दिली. कमी नाही आणि जास्तही नाही. मूठभर मतांसाठी कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला निवडणूक याचिकेची किंमत ठाऊक होती.

त्यांच्या निकालांत कायदेमंडळातला माणूस सतत डोकावतो. कधी तो फार उपयोगी पडतो, कधी आडवा येतो. मुंबईतल्या छोट्या दुकानदारांकडच्या नोकरांच्या बोनसचा वाद 1976 मध्ये त्यांच्यापुढे आला. कामगार सभा ही संघटना या वादात पक्षकार होऊच शकते का, असा आक्षेप घेतला गेला. नियमाच्या या खुसपटात अडकून न पडता त्यांनी दरवाजा रुंद केला, आणि पुढे ज्याला आपण जनहित याचिका म्हणू लागलो तिच्या पाऊलखुणा अभ्यासक त्या निकालात शोधतात. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल साधे पत्र पाठवले. पैसे उकळण्यासाठी एका वॉर्डरने त्या माणसाचे हाल केले होते. ते पत्रच याचिका म्हणून ऐकले गेले. रतलामच्या नगरपालिकेने गटारे बांधायला पैसे नाहीत असे सांगितले, तेव्हा नालीशेजारी राहणाऱ्यांना पालिकेचा जमाखर्च ऐकवू नका, हा त्यांचा सूर होता. आपल्या नगरपालिकांना हा निकाल दर पावसाळ्यापूर्वी वाचायला द्यावा, असे वाटते. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांनी, लग्नासाठी बाईने सरकारची परवानगी घ्यावी असा नियम आहे, हे 1979 मध्ये त्यांच्यापुढे मांडले. तो नियम त्यांनी ज्या शब्दांत सोलून काढला, ते वाचताना आजही हसू येते.

हसू येते आणि दमही लागतो. त्यांचे इंग्रजी भरजरी होते. साधे वाक्य त्यांना जमत नसे असे नाही, ते त्यांना पुरत नसे. गरिबासाठी लिहिलेले निकालपत्र गरिबाच्या वकिलालाही शब्दकोश घेऊन वाचावे लागे, ही विसंगती त्यांच्या चाहत्यांनी लपवू नये. आणि हातातले कायदे पुरेनात, की नवे लिहायचा मोह त्यांना होई. कारखाना नसलेल्या रुग्णालयांना आणि शिक्षणसंस्थांनाही ‘उद्योग’ ठरवणारी 1978 ची व्याख्या इतकी ऐसपैस होती की संसदेने 1982 मध्ये ती आखडती घेतली. ती दुरुस्ती मात्र कित्येक दशके अमलात आणलीच नाही. फाशीची शिक्षा केव्हा द्यायची याची चौकट त्यांनी 1979 मध्ये आखली. पुढच्याच वर्षी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती बाजूला सारली: कायदा करणे संसदेचे काम, असा त्याचा मथितार्थ. तिथे आम्हीही त्या पाचांच्या बाजूला आहोत. हेतू कितीही चांगला असला तरी आमदारकीचा अंगरखा न्यायासनावर येताना बाहेर ठेवायचा असतो.

पण जामिनाच्या आणि तुरुंगाच्या प्रश्नावर त्यांचा तोल कधी गेला नाही. जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद, हे सूत्र त्यांनी 1977 मध्ये मांडले आणि ते वकिलांच्या तोंडी बसले. आज ते प्रत्येक न्यायालयात उद्धृत होते, आणि देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी जवळजवळ तीन कच्चे कैदी आहेत. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत बसलेले मोतीराम त्यांत आहेत.

निवृत्तीनंतर 1987 मध्ये विरोधकांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभे केले, आर. वेंकटरमण निवडून येणार हे आधीपासून स्पष्टच होते. गुजरातच्या 2002 च्या हिंसाचाराची नागरी चौकशी झाली, तेव्हा न्या. पी. बी. सावंत आणि न्या. होस्बेट सुरेश यांच्यासोबत ते बसले. कोचीतल्या ‘सद्गमय’ या घरी अर्ज घेऊन येणाऱ्यांची रांग शेवटपर्यंत असे.

एक निकाल आपल्या दाराशी घडलेला आहे, तो सांगून थांबू. सौराष्ट्र विद्यापीठातल्या एका शिक्षकाला बनावट पदव्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तीन वर्षांची सक्तमजुरी दिली होती. चार वर्षांनंतर, शिक्षा भोगून झाल्यावर, तो सर्वोच्च न्यायालयात आला. इतका उशीर का? तर निकालाची प्रत हाती मिळालीच नाही, असे तो म्हणाला. उच्च न्यायालयाने प्रत येरवड्याच्या तुरुंगाधिकाऱ्याकडे वेळेवर पाठवली होती. पण कैद्याला ती मिळाल्याची पोच कुठे आहे? त्याच्या सहीचा कागद दप्तरात सापडला नाही. 1978 च्या ऑगस्टमध्ये कृष्ण अय्यर यांनी लिहिले की कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेवर मिळालीच पाहिजे, तुरुंगाने त्याची लेखी पोच घेतलीच पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तो सरकारने दिलाच पाहिजे. मोफत कायदेशीर मदतीचा हक्क या खटल्यापासून कायद्याच्या पुस्तकांत पक्का झाला.

त्या शिक्षकाचा अर्ज मात्र त्यांनी फेटाळला. गुन्हा सिद्ध झाला होता.