आजीला प्रश्न विचारण्याआधी

‘आजी, तुम्ही दिवसभर काय करता?’ असं आमच्या झरीत सत्तरीच्या कुठल्याही बाईला विचारून बघा. उत्तर ठरलेलं. ‘काही नाही माय, बसूनच असते.’ हे सांगताना तिच्या पुढ्यात निवडायची तूर असते, मांडीवर नातू असतो आणि एक डोळा अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवर! विचारणारी मुलगी नवखी असेल, तर लिहून मोकळी होते, ‘काम करत नाही.’

मैत्रिणींनो, ही ओळ वाटते तेवढी साधी नाही. अशा ओळींचे आकडे होतात, आकड्यांचे अहवाल होतात आणि अहवालांवरून योजना आखल्या जातात. 2011च्या जनगणनेतच महाराष्ट्रात शंभरातले जवळजवळ दहा जण साठीच्या पुढचे होते. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशभरातल्या 72 हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. त्यात पंचेचाळिशीच्या पुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार होते. अहवाल 2021 मध्ये आला. आता एम.ए., पीएच.डी. करणारी तरुण मुलंमुली या विषयाकडे वळताहेत. चांगलंच आहे. पण त्यांना शिकवायचं काय?

संख्याशास्त्र हवं, संगणक हवा, यात वाद नाही. पण म्हातारपण मोजायच्या पट्ट्या बहुतेक परदेशातून आलेल्या. अमेरिकेतली 1969ची एक पट्टी फार वापरली जाते. फोन करता का, बाजार करता का, स्वयंपाक, धुणं, एकटीने प्रवास, औषधं, पैशाचे व्यवहार अशी तिची विचारणा. गंमत म्हणजे पुरुषांचे गुण मोजताना त्यातला स्वयंपाक, घरकाम आणि धुणं सोडून द्यायची पद्धत होती! म्हणजे पट्टीलासुद्धा तिच्या समाजाचा वास असतो. आमच्या आजीने आयुष्यात पैसे हाताळले नाहीत, कारण आधी नवऱ्याने आणि मग मुलाने ते हाती दिलेच नाहीत. ती एकटी परभणीला जात नाही, कारण एसटीची पायरी गुडघ्याला झेपत नाही. पट्टी तिला ‘परावलंबी’ ठरवून मोकळी. पण तिला येत नाही, की तिला करू दिलं नाही, हे कोण विचारणार?

हे बदलता येतं. स्मरणशक्ती तपासायची एक प्रसिद्ध चाचणी अमेरिकेत 1975 मध्ये तयार झाली. शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, असं तिच्यात होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने काय करावं? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या निरक्षर वृद्धांसाठी संशोधकांनी तिचं हिंदी रूप घडवलं, ते 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. नव्या संशोधकाला शिकवायचं ते हेच. उत्तर चुकलं की आधी आपला प्रश्न तपासायचा.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. ‘सक्रिय वार्धक्य’ ही कल्पना जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये मांडली, तेव्हा तिचे तीन खांब सांगितले होते : आरोग्य, सहभाग आणि सुरक्षितता. आता अडुसष्टाव्या वर्षी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई सक्रिय म्हणायची का? हातपाय तर चालतात. पण ती हौसेने जाते, की रोजगार बुडाला तर चूल पेटणार नाही म्हणून जाते? दोघींना एकाच रकान्यात घातलं, तर दुःखालाच आपण शाबासकी दिली असं होईल.

हा फरक तासाभराच्या भेटीत कळत नाही. त्यातून सासूला विचारलेल्या प्रश्नाला सून उत्तर देते, मुलगा दारात उभा असतो. पेन्शनचे पैसे कोण खर्च करतं, हे त्याच्यासमोर कोण सांगेल? म्हणून मला वाटतं, या विषयाच्या शिक्षणात गावात मुक्काम सक्तीचा हवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कृषिकन्या गावात राहून, बांधावर जाऊन शिकतात. शेती शिकायला मुक्काम लागतो, मग माणूस शिकायला नको? त्याच विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात मानव विकास शिकवतात. सुरुवात तिथूनही करता येईल.

कुणी म्हणेल, प्रबंधाला मुदत असते, शिष्यवृत्ती तोकडी असते, मुलांनी हे कधी करायचं? खरं आहे. पण मग हा वेळ आणि खर्च विद्यापीठांनी धरायला हवा. त्याची किंमत आजीने का मोजावी? आणि काम झाल्यावर गावात परत येऊन, काय सापडलं ते मराठीत, चार बायकांत बसून सांगायचं, हाही अभ्यासाचाच भाग असावा. नाहीतर माहिती घेऊन गेलेलं माणूस पुन्हा फिरकत नाही, आणि पुढच्याला दार उघडताना लोक कां-कूं करतात.

आपल्याकडूनही एवढं होऊ शकतं. वही घेऊन कुणी मुलगी दारात आली, तर तिला चहा द्यावा, सासूबाईंजवळ बसवावं आणि आपण आत निघून जावं. सासूबाईंची उत्तरं सासूबाईंनाच देऊ द्यावीत.